रूपाचे ओझे : डायना रिग यांची अभिनययात्रा

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील तरुणांच्या शिबिरात प्रसारमाध्यमांवर बोलताना आम्ही दूरचित्रवाणीवरील नट्यांविषयी चार कडक वाक्ये सरसकट बोलून गेलो. रूप हेच त्यांचे भांडवल आणि वय झाले की दुकान बंद, असा आमच्या बोलण्याचा एकंदर सूर होता. शिबिर आटोपल्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी मागे थांबली व तिने नम्रपणे विचारले, "फादर, तुम्ही ज्यांच्याविषयी बोललात, त्यांचे काम तुम्ही पाहिले आहे का?" खरे सांगायचे तर आम्ही फारसे काही पाहिलेले नव्हते. न वाचलेल्या पुस्तकाचे परीक्षण करण्याचा प्रमाद आमच्या हातून घडला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय. त्यासाठी आम्ही मुद्दाम अशी अभिनेत्री निवडली आहे, की जिच्या रूपाचा डंका एके काळी दोन खंडांत वाजला आणि जी तरीही वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत काम करीत राहिली. ती अभिनेत्री म्हणजे डेम डायना रिग.

त्यांचा जन्म 20 जुलै 1938 रोजी इंग्लंडमधील डॉनकास्टर येथे झाला. परंतु त्यांचे बालपण गेले ते आपल्या देशात. वडील रेल्वेचे अभियंते. ते बिकानेर संस्थानच्या रेल्वेत अधिकारी असल्यामुळे डायना तान्ही असतानाच राजस्थानात आल्या व आठ वर्षांच्या होईपर्यंत तेथे राहिल्या. हिंदी ही त्यांची बालपणीची दुसरी भाषा होती. पुढे त्यांना यॉर्कशायरमधील फुल्नेक येथील मोरेव्हियन पंथीयांच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. वाळवंटाच्या उन्हातून एकदम थंड, शिस्तबद्ध शाळेत आलेल्या त्या मुलीला तेथे परके वाटत राहिले. 1955 साली त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट या संस्थेत दाखल झाल्या आणि 1957 मध्ये ब्रेख्तच्या 'द कॉकेशियन चॉक सर्कल' या नाटकातून रंगभूमीवर आल्या. मराठी रसिकांना हे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' या रूपांतरामुळे परिचित आहे. 1959 पासून स्ट्रॅटफर्डच्या नाट्यसंस्थेत त्यांनी शेक्सपिअरचे रीतसर शिक्षण घेतले. 1962 साली पीटर ब्रुक यांनी बसविलेल्या 'किंग लिअर'मध्ये पॉल स्कोफिल्ड लिअर होते, तर धाकटी कन्या कॉर्डेलिया होत्या डायना रिग. ही पूर्वतयारी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण यापुढे जे घडले, त्यामुळे जगाला हा सारा अभ्यास विसरून जायला फार वेळ लागला नाही.

1965 साली 'द अव्हेंजर्स' या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी एमा पील ही भूमिका स्वीकारली. निर्मात्यांना पुरुषांना आकर्षित करणारी नायिका हवी होती, आणि 'मॅन अपील' या शब्दांतील पहिले अक्षर व पुढचा शब्द जोडून तिचे नावही तयार झाले होते. म्हणजे पात्राचे बारसेच मुळी बाजाराने केले होते! काळ्या चामड्याचा घट्ट पोशाख, ज्यूदोचे डाव, तलवारबाजी आणि ओठांच्या कोपऱ्यातील मिश्कील हसू या बळावर मिसेस पील घरोघरी पोहोचली. 1966 पासून ती अमेरिकेतही दिसू लागली. मालिकेच्या कथा बहुधा गमतीदार, कधी कधी अगदीच पोकळ. परंतु आज तिचे भाग पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पॅट्रिक मॅकनी यांनी रंगवलेला स्टीड आणि ही मिसेस पील यांच्यात कोणी कोणाचा आश्रित नाही. ती वैज्ञानिक आहे, स्वतःच्या बुद्धीने चालणारी आहे, आणि संकटातून सोडविण्याची पाळी जितक्या वेळा त्याच्यावर येते तितक्याच वेळा तिच्यावरही येते. पोशाख निर्मात्यांनी दिला. त्या पोशाखाच्या आतली ताठ मान मात्र डायना रिग यांनी घरून आणली होती.

त्या ताठ मानेची पहिली कसोटी पडद्यामागे लागली. मालिकेच्या कॅमेरामनला आपल्यापेक्षा अधिक वेतन मिळते, हे त्यांना समजले. त्यांनी वेतनवाढ मागितली. ती मिळाली, परंतु वृत्तपत्रांनी त्यांना पैशाला हपापलेली ठरविले आणि त्या व्यवसायातील एकाही स्त्रीने आपली बाजू घेतली नाही, ही खंत त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखविली. वाचकहो, श्रमाचा रास्त मोबदला हा विषय आपल्याला नवा नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरम नोव्हारम' या विश्वपत्रात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, त्याचे पाठ आपण मे महिन्याच्या पहिल्या दिवशी देत असतो. परंतु हा कामगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीतला पुरुष उभा राहतो. झगमगत्या पोशाखातील नटीही दिवसभर घाम गाळून घरी जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

प्रसिद्धीचा लोंढा त्यांना मानवला नाही. वयात येणाऱ्या मुलांची प्रेमपत्रे येत, तेव्हा त्यांच्या मातोश्री उत्तर लिहीत, की माझी मुलगी तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, तू एक चक्कर धावून ये म्हणजे बरे वाटेल! ही आठवण डायना रिग मोठ्या गमतीने सांगत. मालिका चालू असतानाच, 1966 साली, त्या स्ट्रॅटफर्डला परतून 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील व्हायोला करीत होत्या, ही गोष्ट मात्र त्या पत्रलेखकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मालिका त्यांनी पुढे स्वतःहून सोडली. 1969 च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या चित्रपटात त्या जेम्स बाँडची विवाहित पत्नी झाल्या. विवाहानंतर लगेचच तिची हत्या होते. बाँडपटांतील इतर सुंदरी विसरल्या जातात व ही लक्षात राहते, याचे कारण तिच्या जाण्याने नायकाचे काहीतरी खरोखर हरवते.

यानंतर आम्ही ज्या धाग्याने हा प्रवास तपासला, तो धागा वाचकांना कदाचित विस्मयकारक वाटेल. रूपवती म्हणून गाजलेल्या या अभिनेत्रीने आपल्या कारकिर्दीत चार वेळा मठवासी स्त्रीचे जीवन रंगविले आहे, आणि त्या चार भूमिका ओळीने ठेवल्या, तर तिच्या कलेची वाढ स्पष्ट दिसते.

पहिली भूमिका हेलोईजची. बाराव्या शतकातील विद्वान पीटर ॲबेलार्ड व त्याची बुद्धिमान शिष्या हेलोईज यांचे प्रेम, त्याची झालेली क्रूर शिक्षा आणि दोघांचा मठप्रवेश हा इतिहास सर्वश्रुत आहे. रॉनल्ड मिलर यांचे त्यावरील नाटक 1970 साली लंडनमध्ये व पुढील वर्षी न्यूयॉर्कला झाले. त्यात एका प्रवेशात दोन्ही प्रमुख पात्रे विवस्त्र दिसत. तो प्रवेश आवश्यक होता असे आम्हांस वाटत नाही. जे शब्दांनी साधले असते, त्यासाठी देहाला कामाला लावले गेले. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक अशोभनीय होते. न्यूयॉर्कचे नामांकित समीक्षक जॉन सायमन यांनी अभिनेत्रीच्या शरीराची तुलना आधार कमी पडलेल्या, विटांनी बांधलेल्या समाधीवास्तूशी केली. हेलोईजच्या विद्वत्तेचे, तिच्या दुःखाचे काय झाले, याची चौकशी त्या वाक्यात कोठेच नव्हती.

अशा वेळी कोणी रडले असते, कोणी न्यायालयात गेले असते. डायना रिग यांनी पुस्तक केले. आपल्या व्यवसायबंधूंना पत्रे लिहून त्यांनी प्रत्येकाकडून त्याला मिळालेले सर्वांत वाईट परीक्षण मागविले आणि 1982 साली 'नो टर्न अनस्टोन्ड' या नावाने तो संग्रह प्रसिद्ध केला. स्वतःवरील ते वाक्यही त्यात वगळले नाही. रंगमंचावर येणाऱ्या कोणालाही धोंडा चुकत नाही, असा त्या शीर्षकातील श्लेष आहे. धोंड्यांचा उल्लेख आला की आम्हां धर्मगुरूंना योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवणे साहजिक आहे. त्या दिवशी जमावाने हातातले धोंडे खाली टाकले होते. येथे ज्या स्त्रीला धोंडे लागले, तिने ते वेचून त्यांचा संग्रह मांडला व वर स्वतः हसली. समीक्षकाने देहावर शेरा मारला की कलाकृती न पाहण्याची त्याला सवड मिळते. शिबिरात आमचेही तेच झाले होते.

दुसरी भूमिका आमच्या मते तिच्या कारकिर्दीतील सर्वांत उपेक्षित व सर्वांत मोलाची आहे. रूमर गॉडन या लेखिकेचे बालपण नारायणगंज येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात गेले. 1968 साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली व पुढील वर्षी बेनेडिक्टाइन भगिनींच्या मठावरील त्यांची 'इन धिस हाउस ऑफ ब्रीड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 1975 साली तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट झाला. त्यातील फिलिपा टॅलबट ही लंडनमधील कर्तबगार, अधिकारपदावरील विधवा. हाताखाली माणसे, उत्तम कपडे, मानमरातब हे सर्व सोडून ती मठाच्या भिंतीआड जाते. ही भूमिका डायना रिग यांनी केली.

या चित्रपटात मठ म्हणजे जगापासून पळून जाण्याची जागा, असे कोठेही सुचविलेले नाही. फिलिपा आत येते खरी, पण तिचा हुकूम देण्याचा स्वभाव, तिची हुशारी आणि जुने दुःख हे सर्व तिच्याबरोबर आत येते. एका तरुण भगिनीवर तिचे मन आईसारखे जडते आणि या प्रेमात आपल्या गेलेल्या अपत्याचा शोध किती व निःस्वार्थ माया किती, हा हिशेब तिला मांडावा लागतो. येथे अभिनेत्रीचे केस झाकलेले, बांधा झाकलेला, उरतो फक्त शुभ्र वस्त्राच्या चौकटीतला चेहरा. ज्यावर तिचे नाव झाले होते, ते सारे काढून घेतल्यावर तिच्यापाशी काय राहते? राहते ती नजर. अधिकार गाजविण्याची सवय झालेले डोळे आज्ञा पाळायला शिकतात, त्या प्रत्येक पायरीची नोंद त्या नजरेत आहे. व्रतस्थ जीवनाविषयी आमच्या तरुण मुलींशी बोलताना आम्ही अनेक प्रवचने केली. हा चित्रपट दाखवला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते. या भूमिकेसाठी त्यांना अमेरिकेच्या एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले होते.

मधल्या काळातील काही कामे चटकन सांगून टाकू. 1973 साली अमेरिकेत त्यांच्याच नावाची विनोदी मालिका काढण्यात आली. ती एका हंगामातच बंद पडली. त्याच वर्षीच्या 'थिएटर ऑफ ब्लड' या चित्रपटात एक नट आपल्याला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांचा एकेक करून काटा काढतो आणि डायना रिग त्याच्या मुलीच्या भूमिकेत आहेत! 1974 साली लंडनच्या ऑल्बरी थिएटरमध्ये त्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवाली एलायझा केली. तेच नाटक 1975 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून 'ती फुलराणी' होऊन आपल्याकडे अवतरले, हे वाचकांस सांगावयास नकोच. 2011 साली त्या पुन्हा त्याच नाटकात आल्या, परंतु आता प्राध्यापक हिगिन्स यांच्या वृद्ध मातोश्री होऊन. ज्या नाटकात आपण एकदा नायिका होतो, तेथेच सदतीस वर्षांनी आईच्या खुर्चीत बसण्याला मनाची श्रीमंती लागते.

पन्नाशीच्या सुमारास त्यांच्या अभिनयाला खरी धार आली. 1985 साली बीबीसीने केलेल्या डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मध्ये त्या लेडी डेडलॉक होत्या. वैभवात कंटाळलेली ही स्त्री एका न्यायालयीन कागदावरील हस्ताक्षर पाहते आणि तरुणपणी दुरावलेला प्रियकर तिला आठवतो. जुने गुपित उघडे पडण्याची भीती तिला हळूहळू पोखरत जाते. रूप येथेही आहे, पण ते आता कुलूप लावलेल्या दारासारखे आहे. 1989 च्या 'मदर लव्ह' या मालिकेतील हेलेना तर प्रत्येक आईबापाने पाहावी अशी आहे. घटस्फोटित हेलेना आपल्या मुलावर इतके प्रेम करते, की तो वडिलांना भेटतो ही गोष्टसुद्धा त्याला तिच्यापासून लपवून ठेवावी लागते. ते कळल्यावर तिची माया हिंसेच्या थराला जाते. डायना रिग या बाईला राक्षसीण करीत नाहीत. ती चहा ओतते, मुलाची विचारपूस करते, आणि आपण मनाशी म्हणतो की अशी माणसे आपल्या ओळखीत आहेत. 'माझ्या मुलासाठीच मी सगळे केले' हे वाक्य आम्ही धर्मग्रामातील किती घरांत ऐकले असेल! त्यामागे दडलेल्या मालकीहक्काचे इतके अचूक निदान आम्हांस क्वचितच पाहावयास मिळाले. या भूमिकेसाठी त्यांना 1990 चे बाफ्टा पारितोषिक मिळाले. पुढे 'मेडिया' या ग्रीक शोकांतिकेतील भूमिकेसाठी 1994 साली टोनी, त्याच वर्षी 'डेम' हा किताब, आणि 'रिबेका'तील मिसेस डॅनव्हर्स या भूमिकेसाठी 1997 चे एमी असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

तिसरी मठवासी भूमिका 2006 च्या 'द पेंटेड व्हेल' या चित्रपटात आहे. सॉमरसेट मॉम यांच्या कादंबरीवरील ही कथा 1920 च्या दशकातील चीनमध्ये घडते. पटकीच्या साथीने ग्रासलेल्या गावात फ्रेंच कॅथलिक भगिनी अनाथ मुलांचा सांभाळ करीत आहेत. डायना रिग त्यांच्या मदर सुपिरियर. एका प्रसंगी ही वृद्ध भगिनी तरुण नायिकेला आपल्या मनाची गोष्ट सांगते. सतराव्या वर्षी आपण देवाच्या प्रेमात पडलो. ते प्रेम उत्कट होते. वर्षे गेली, त्याने आपली निराशाही केली, आता दोघांचे नाते एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या व क्वचितच बोलणाऱ्या जुन्या नवराबायकोसारखे झाले आहे. पण आपण सोडून जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय. पुढे ती प्रेम आणि कर्तव्य एकरूप होतात तेथे कृपा असते, असे म्हणते.

हा प्रसंग दोन-तीन मिनिटांचा. त्यात अश्रू नाहीत, वर पाहणारे डोळे नाहीत, पार्श्वसंगीताचा गहिवर नाही. गुरुदीक्षेला पुष्कळ वर्षे झालेल्या माणसाला तो पाहताना आपले कोणीतरी वाचून दाखवीत आहे असे वाटते. पहाटेची मिस्सा, ठरलेल्या प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, आणि उत्तर न येणारे मौन. आमच्या सेमिनरीत या मौनावर आध्यात्मिक ग्रंथांतून पुष्कळ शिकवले गेले. परंतु इतक्या साधेपणाने ते मांडलेले आम्ही प्रथमच पाहिले. काही वाचकांना ही मदर सुपिरियर थकलेली, कोरडी वाटेल. आम्हांस ती विश्वासू वाटली. ज्या चेहऱ्यावर एके काळी लोक भाळले होते, त्याच चेहऱ्यावरील सुरकुत्यांनी ते वाक्य खरे केले. तिशीतल्या डायना रिग यांना ते साधले नसते.

नव्या पिढीने त्यांना ओळखले ते 'गेम ऑफ थ्रोन्स'मधील ओलेना टायरेल म्हणून. 2013 ते 2017 या काळात त्यांनी ती भूमिका केली. ही मालिका कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगी नाही. तिच्यातील नग्नता व हिंसा यांचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु ओलेना आजी हे त्यातील विलक्षण प्रकरण आहे. डोके-मान झाकणाऱ्या वस्त्राच्या चौकटीत पुन्हा तोच चेहरा, आणि अनेक प्रसंगांत खुर्चीवर बसूनच ती दरबारातील पुरुषांना शब्दांनी गारद करते. शेवटी विष पिऊन झाल्यावर ती शांतपणे आपण केलेल्या खुनाची कबुली देते. तो कबुलीजबाब आहे, पश्चात्ताप नाही, आणि हा भेद त्या थंड स्वरात लख्ख कळतो. एमा पीलकडे जग पाहत होते. ओलेना जगाकडे पाहते. या दोन नजरांमधील अंतर तोडायला पन्नास वर्षे लागली, आणि त्या अंतरातच या अभिनेत्रीचे खरे कर्तृत्व आहे.

चौथ्या वेळी त्या पुन्हा रूमर गॉडन यांच्याकडे वळल्या. 1939 च्या 'ब्लॅक नार्सिसस' या कादंबरीवर बीबीसीने केलेल्या मालिकेत त्या दार्जिलिंगच्या मदर डोरोथिया आहेत. हिमालयातील एका जुन्या राजवाड्यात नवा मठ स्थापण्यासाठी ती तरुण भगिनी क्लोडा हिला पाठविते. मूळ कादंबरीतील भगिनी अँग्लिकन पंथाच्या आहेत. भूमिका छोटी, पण तरुण अधिकारी स्त्रीच्या अहंकाराला ओळखणारी ती नजर पाहिली की पंचेचाळीस वर्षांपूर्वीची फिलिपा आठवते. ही मालिका 2020 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये दाखविली गेली, तेव्हा डायना रिग हयात नव्हत्या. 10 सप्टेंबर 2020 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

लेख येथे संपविता आला असता, पण ते प्रामाणिक ठरणार नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्यांची कन्या, अभिनेत्री रेचल स्टर्लिंग, यांनी आईने अखेरच्या दिवसांत ध्वनिमुद्रित केलेले निवेदन प्रसिद्ध केले. असाध्य आजाराने ग्रस्त माणसाला वैद्यकीय साहाय्याने आपले जीवन संपविण्याचा अधिकार कायद्याने मिळावा, असे त्यांनी त्यात म्हटले होते. या प्रश्नावर ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती आम्ही मनापासून मानतो. जीवन हे आपल्या मालकीचे नाही. मात्र यातना लांबविणाऱ्या निष्फळ उपचारांचा हट्टही ख्रिस्तसभा धरीत नाही. त्यांच्या निधनानंतर अवघ्या बारा दिवसांनी व्हॅटिकनने 'समॅरिटॅनस बोनस' हे पत्र प्रसिद्ध केले, त्यात मरणोन्मुख माणसाची शुश्रूषा व सोबत यांवर भर आहे. तेव्हा डायना रिग यांच्या मागणीशी आम्ही सहमत नाही. परंतु ती मागणी करणाऱ्या स्त्रीच्या वेदना ऐकून न घेता तिला उत्तर देणे म्हणजे पुन्हा न पाहताच परीक्षण लिहिणे होईल. आजाऱ्याच्या उशाशी बसणारे कोणी नसेल, तर आमच्या शिकवणीचा त्याला काय उपयोग?

ज्या मुलीने आम्हांस तो प्रश्न विचारला होता, ती आता शिक्षिका आहे. हा लेख छापून आला की अंक तिला पाठविणार आहोत. पुढील शिबिरात माध्यमांवर बोलण्यासाठी तिलाच बोलवावे, असेही मनात आहे. आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकू.